एकाच माणसाला दोन पानांवर का बसवलंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारची तुमची पुरवणी मी नेहमीसारखी दुपारचं जेवण झाल्यावर घेऊन बसलो. पान तीनवर जगातल्या क्राइम कादंबऱ्यांवर मोठा लेख होता, त्यात स्वीडन नॉर्वेची दहाबारा नावं आणि शेवटी घाईघाईत एक ओळ की स्पेनमध्ये मोंताल्बान नावाचे एक लेखक होते. बरं. मग पान सातवर बार्सिलोनाच्या खाद्यभ्रमंतीचा लेख, फोटो मस्त, आणि त्यात एका जुन्या रेस्टॉरंटबद्दल लिहिलं होतं की इथे मोंताल्बान नावाचे खवय्ये लेखक नेहमी जेवायला यायचे. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. अहो हा एकच माणूस आहे! तीनवरचा आणि सातवरचा. मधे फक्त तीन पानं आहेत, तेवढ्यात तुमच्या ऑफिसात कुणाच्याच लक्षात आलं नाही?

चूक काढायला लिहीत नाहीये, म्हणजे थोडी काढतोय, पण मुख्य म्हणजे हा माणूस माझ्या जवळचा आहे म्हणून लिहितोय. जवळचा म्हणजे ओळख वगैरे काही नाही हो. मी चौतीस वर्षं बोटीवर होतो, मर्चंट नेव्हीत, आधी मेसबॉय मग सेकंड कुक आणि शेवटची अठरा वर्षं चीफ कुक. जुने लोक बोटीवरच्या कुकला भंडारी म्हणायचे, आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, तर मला शेवटपर्यंत भंडारीच म्हणाला. तर साहित्याबिहित्यातलं मला फार कळत नाही, पण जेवण कळतं, आणि या मोंताल्बानची अर्धी गंमत जेवण कळल्याशिवाय कळतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तक हातात कसं आलं ते सांगतो. एक इंग्लिश सेकंड ऑफिसर साइन ऑफ होऊन गेला आणि त्याच्या केबिनमधली चारपाच पुस्तकं मेसमध्ये ठेवून गेला. त्यातलं एक पातळसं, इंग्लिश भाषांतर, दक्षिणेकडच्या समुद्रांबद्दल काहीतरी नाव होतं म्हणून मला वाटलं बोटीची गोष्ट असणार, म्हणून उचललं. बोट कुठली, समुद्र पण नाही! बार्सिलोनाचा एक श्रीमंत बिल्डर, त्याला त्या गोगँ नावाच्या चित्रकारासारखं सगळं सोडून दूरच्या बेटांवर जाऊन राहायचं असतं, एक दिवस तो गायब होतो, सगळ्यांना वाटतं गेला बेटावर. वर्षभरानं त्याचं प्रेत मिळतं शहराच्याच कडेला एका बांधकामाच्या जागेवर, भोसकलेलं. मग हे वर्षभर होता कुठे? तर होता गावातच, त्यानंच स्वस्तात बांधून विकलेल्या कामगारांच्या कॉलनीत, त्याच गळक्या बिल्डिंगांमध्ये, नाव बदलून. माझा मेव्हणा परळच्या चाळीतून उठून टॉवरच्या मागच्या बिल्डिंगीत गेला त्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला ही तर आमच्याकडची वाटते, फक्त आमचा बिल्डर असा राहायला येणार नाही. १९७९ची कादंबरी आहे ही, तिला त्या वर्षीचा प्लानेता पुरस्कार मिळाला, स्पेनमधला मोठ्या रकमेचा पुरस्कार.

इंग्लिश मला तेव्हा जेमतेम. डिक्शनरी घेऊन वाचत होतो, एक पान व्हायला अर्धा तास. खून कुणी केला हे कळायला मला नऊ दिवस लागले, पण तोपर्यंत मी त्यातली तीन जेवणं पाठ केली होती.

कारण यातला डिटेक्टिव्ह, पेपे कार्वालो, हा स्वयंपाक करतो. नुसता खात नाही, स्वतः करतो. केस डोक्यात गुंतली, मन उडालं, की हा आपला रात्री दीड दोनला गॅस पेटवणार, कांदा चिरणार, आणि शेजारच्या फुस्तेर नावाच्या मित्राला बोलावणार की ये जेवायला. तो पण येतो! आम्हाला बोटीवर बारा ते चारचा वॉच, म्हणजे पाळी, असतो, रात्रीच्या त्या वॉचच्या पोरांसाठी काहीतरी गरम ठेवावं लागतं, त्यामुळे रात्री दीड वाजता कांद्याच्या वासात काय असतं हे मला कुणी सांगायला नको. हा लेखक कधीतरी त्या वेळी खरंच ओट्यापाशी उभा राहिलेला आहे हे मला पहिल्या जेवणालाच कळलं. न केलेला माणूस लिहितो तेव्हा सगळं एकदम शिजतं, आधी काय घातलं नंतर काय घातलं याचा पत्ता नसतो.

या कार्वालोची माणसं पण बघा कशी. ऑफिस रांब्लावर, म्हणजे बंदराकडे उतरणारा तो मोठा रस्ता, आणि राहायला वर टेकडीवर वाल्विद्रेराला. मदतनीस बिस्कुतेर, जुना गाडीचोर, दोघांची ओळख तुरुंगातली, आणि तो ऑफिसमधल्या एवढ्याशा कोपऱ्यात स्टोव्हवर मालकासाठी जेवण बनवतो. मैत्रीण चारो, ती धंदा करणारी बाई. खबऱ्या ब्रोमुरो, बूटपॉलिशवाला, ज्याला ठाम वाटतं की सरकार लोकांची मर्दानगी मारायला पाण्यात ब्रोमाइड टाकतं. आणि स्वतः कार्वालो आधी कम्युनिस्ट, मग अमेरिकेच्या सीआयएमध्ये, आता दोन्हीकडून मोकळा. शिवाय हा माणूस शेकोटी पेटवायला पुस्तकं जाळतो. खरंच, घरातल्या कपाटातून एकेक पुस्तक काढतो, विचार करतो, आणि जाळतो. पुस्तकांनी मला जगायला काही शिकवलं नाही म्हणतो. आणि हे लिहिणाऱ्यानं स्वतः किती लिहिलंय, कविता, निबंध, फुटबॉल, राजकारण, स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँको याच्या तोंडून लिहिलेलं खोटं आत्मचरित्र, मोजायला बसलात तर आकडा शंभराच्या आसपास जाईल.

आता तुमच्या पान सातबद्दल. तिथे त्याला 'खवय्ये लेखक' म्हटलंय, आणि मला तोच शब्द खटकला. खवय्या म्हणजे आपल्याकडे कोण, तर भरल्या पोटी चार ठिकाणी चव घेत फिरणारा. हा माणूस १९३९मध्ये जन्मला, ज्या वर्षी स्पेनचं यादवी युद्ध संपलं आणि फ्रँको जिंकला. जन्म राव्हालमध्ये, बंदराजवळची गरिबांची वस्ती, तिला तेव्हा बार्रिओ चिनो म्हणायचे. बाप हरलेल्या बाजूचा, तुरुंगात. पोरानं बापाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोरगं पाच वर्षांचं होतं. आई शिवणकाम करायची. आणि रेशन, स्पेनमध्ये रेशनकार्ड १९५२पर्यंत चाललं, म्हणजे याचं तेरा वर्षांचं सगळं लहानपण रेशनच्या रांगेत गेलं. असा पोरगा मोठा होऊन तेलात लसूण किती परतायचा हे पान पान लिहितो तेव्हा ते खवय्येगिरी नसते हो. माझी आई वरईचे तांदूळ मोजून घ्यायची, मूठ भरून परत थोडे काढायची, ते तिच्या हातातून शेवटपर्यंत गेलं नाही, घरात पोती असताना सुद्धा. तसं काहीतरी असतं ते.

पुढे हा स्वतः पण आत गेला. १९६२मध्ये अस्तुरियासच्या खाणकामगारांच्या संपाला पाठिंबा दिला म्हणून पकडला, लेरिदाच्या तुरुंगात दीडेक वर्ष काढलं. कार्वालो १९७२मध्ये पहिल्यांदा पुस्तकात आला, आणि खराखुरा डिटेक्टिव्ह म्हणून १९७४च्या कादंबरीत, ती टॅटूवाली, समुद्रात सापडलेलं प्रेत, तोंड माशांनी खाल्लेलं, ओळख फक्त पाठीवरच्या गोंदणाची. फ्रँको मेला १९७५मध्ये. म्हणजे हुकूमशाही संपत आली तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं स्पेन कसा बदलला, कोण श्रीमंत झालं, कुणी तत्त्वं विकली, कुणाची वस्ती पाडली हे सगळं या डिटेक्टिव्हच्या जेवणाच्या टेबलावरनं दिसतं. १९९२चं ऑलिंपिक बार्सिलोनात झालं, जग टाळ्या वाजवत होतं, यानं पुढच्या वर्षी त्यावरच कार्वालोची टवाळ कादंबरी काढली.

मला विचाराल तर त्याचं सगळ्यात भारी म्हणणं खाण्याच्या पुस्तकात आहे, क्राइमच्या नाही. १९८५मध्ये त्यानं खवय्यांच्या विरोधात म्हणून एक पुस्तक लिहिलं, (नाव बघा आणि तुमचं पान सात बघा!), त्यात तो म्हणतो त्याचा अर्थ असा की स्वयंपाक म्हणजे संस्कृतीच्या ढोंगीपणाचा नमुना आहे. जनावर मारलं आणि तसंच फाडून खाल्लं तर तुम्ही रानटी, पण तेच मारून मसाल्यात मुरवून वाइन घालून मंद आचेवर ठेवलं की तुम्ही सुसंस्कृत. मेलेलं ते मेलेलंच. हे वाचलं आणि माझं डोकं सुन्न झालं, कारण मी इतकी वर्षं रोज हेच करत होतो, फ्रीझर रूममधून अख्खं धड काढायचं, करवतीनं तुकडे करायचे, आणि संध्याकाळी ऑफिसर मेसमध्ये ते गार्निश करून जायचं. कोथिंबीर घातली की कुणी विचारत नाही. खुनाच्या गोष्टीत पण दुसरं काय असतं, एक प्रेत आणि त्यावर घातलेली कोथिंबीर. कोथिंबीर बाजूला करायची आणि बघायचं. म्हणून मी म्हणतो तीन आणि सात ही दोन पानं वेगळी नाहीत.

थोडं बाकालाओबद्दल सांगू द्या, नाहीतर मला झोप येणार नाही. बाकालाओ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, स्पेन पोर्तुगालवाल्यांचा जीव की प्राण. कार्वालो वाचल्यावर बार्सिलोनाला बोट लागली तेव्हा मी शिप चँडलरला, म्हणजे बोटीला माल पुरवणाऱ्याला, सांगून दोन लाद्या मागवल्या, स्वतःच्या पैशानं, कंपनीच्या स्टोअर्समधून नाही, हे इथे नमूद करतो. हातात घेतला तर फळकुटासारखा कडक, वर मीठ चमकतंय, वास आपल्या खाऱ्या बांगड्याच्या धाकट्या भावासारखा. तो भिजवायचा दीड दोन दिवस आणि पाणी बदलत राहायचं, मी दर वॉचला बदलत होतो. दुसऱ्या दिवशी तो फुगून पांढरा होतो आणि बोटानं दाबला की थराथरानं सुटा होतो, पाकळ्यांसारखा. मग पिलपिल नावाचा प्रकार आहे, लसूण ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद परतून काढायचा, मासा त्या तेलात कातडी वर करून ठेवायचा आणि भांडं सारखं गोल गोल हलवत राहायचं, कातडीतला चिकटपणा तेलात उतरतो आणि मिळून पांढरट दाट रस्सा होतो. पीठ नाही, दूध नाही, काही नाही, नुसतं हलवणं. आमची बोट तेव्हा मार्सेयच्या खालच्या त्या आखातात, लिओन म्हणतात त्याला, तिथे उत्तरेचं वारं सुटलं की बोट अशी झुलते की ताटं उडतात. मी पातेलं गॅलीच्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघराच्या, शेगडीवर अडकवून नुसता उभा राहिलो, हलवायचं काम समुद्रानं केलं. पिलपिल एक नंबर झालं. सारंगानं खाल्लं, म्हणाला भंडारी चांगलं आहे पण यात कोकम पाहिजे होतं.

याच ट्रिपला तासभर शोअर लीव्ह मिळाली. कोलंबसच्या उंच खांबापासून रांब्ला चढत गेलो, बोकेरियाच्या मार्केटात गेलो, तिथे बाकालाओची वेगळी दुकानं, संगमरवरी कुंड्यांमध्ये मासा भिजत घातलेला, पाठीचा तुकडा वेगळ्या भावानं, शेपटीचा वेगळ्या, अगदी आपल्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला सुरमईचं चालतं तसं. मग डावीकडे राव्हालच्या गल्ल्यांत शिरलो, काझा लेओपोल्दो शोधलं, तेच तुमच्या पान सातवालं. बाहेर लावलेलं भावपत्रक वाचलं आणि परत फिरलो. कोपऱ्यावर एका टपरीत पावात ऑम्लेट घातलेला बोकादिओ खाल्ला. मला वाईट वाटलं नाही, कार्वालोच्या गोष्टीत पण अशी माणसं असतातच जी काचेतनं आत बघतात. पुढे खूप वर्षांनी परत गेलो तर त्या वस्तीचा मधला भाग पाडून मोठा ताडांचा रस्ता केलेला, दुकानांवर उर्दू पाट्या, एका पाकिस्तानी माणसानं मला बघून थेट हिंदीत विचारलं की कोथिंबीर पाहिजे का. पुढे तिथल्याच एका चौकाला मोंताल्बानचं नाव दिलं म्हणे. तो मी बघितला नाही, तोवर मी घरी बसलो होतो आणि तसंही कंटेनर बोटीला आता बंदरात रात्रभर थांबायला वेळ नसतो.

ताटाबद्दल एक सांगतो, मग पुढे. बोटीवर आमच्याकडे एक कॅडेट होता, एकोणीस वीस वर्षांचा. मेसबॉय ताटं परत आणायचा ती मी बघायचो, सवयच होती, कुणी काय टाकलं त्यावरून उद्याचं ठरवायचं. तर या पोराच्या ताटात सलग चार दिवस डाळ भात तसाच आणि लोणचं मात्र संपलेलं. आजारी माणूस लोणचं खात नाही. भूक नसलेला माणूस पण नाही. घरची आठवण काढणारा माणूस लोणचं खातो. रात्री त्याला गॅलीत बोलावलं, भजी तळली, विषय काढला नाही. तिसऱ्या भज्याला बोलला, वडलांचा फोन येत नव्हता आणि आई काहीतरी लपवतेय असं त्याला वाटत होतं. खरंच लपवत होती. पुढचं सांगत नाही, त्याचं ते त्याचं. पण मोंताल्बान मला आवडतो तो यासाठी. त्याच्या गोष्टीत माणूस काय बोलतो याच्यावर कार्वालोचा फार भरवसा नसतो, काय खातो आणि कसं खातो हे तो बघून ठेवतो. नवश्रीमंत कोण, पाहुणा म्हणून आलेला कोण, उपाशी कोण, खोटं कोण.

इटलीचे क्राइम लेखक कामिल्लेरी, त्यांनी आपल्या इन्स्पेक्टरचं नाव मोंताल्बानो ठेवलं ते याच माणसाच्या मानासाठी. त्यांचा इन्स्पेक्टर सिसिलीतला, जेवताना एक अक्षर बोलत नाही आणि दुसऱ्याला बोलू देत नाही, आणि त्याच्या घरी स्वयंपाक करणारी बाई आहे तिच्या चोरट्या पोराला यानंच पकडून आत टाकलेलं असतं तरी ती भाताचे ते तळलेले गोळे, आरांचिनी, अशी करते की हा जीव टाकतो. बार्सिलोना शहर क्राइम लेखकांना कार्वालोच्या नावानं पुरस्कार देतं, तो २०१४मध्ये कामिल्लेरींनाच मिळाला. बाकी युरोपमधल्या कुणाकुणाचे डिटेक्टिव्ह जेवतात त्याची यादी मी देत नाही, तुमच्या तीन नंबरच्या लेखकानं यादी दिलीच आहे, आणि त्या यादीतले बहुतेक थंड कॉफी आणि सँडविचवर जगतात, असो.

आता घरचं. मी लहानपणी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलो, हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं, झुंजार आणि काळा पहाड आमचे देव होते, एसटी स्टँडवर भाड्यानं पुस्तक मिळायचं. आता आठवून बघतो तर झुंजार कधी नीट पाटावर बसून जेवला असं मला एकही आठवत नाही. असेल कुठेतरी, पण मला आठवत नाही म्हणजे लक्षात राहण्यासारखं नव्हतं. आणि दुसऱ्या बाजूला आपल्याकडे खाण्यावर लिहिणारे चांगले लोक होतेच, दुर्गाबाई भागवतांसारखी विदुषी खाण्यावर पुस्तक लिहिते याहून मोठं काय. पण गुन्हा आणि जेवण एका घरात नांदवणारा मराठीत का झाला नाही? सामान तर सगळं आहे. मालवणी खाणावळ घ्या, तिथे उधारीची वही असते, त्या वहीत कोण किती दिवस आला नाही हे लिहिलेलं असतं, डिटेक्टिव्हला आणखी काय पाहिजे. लालबागचं मसाल्याचं दुकान घ्या, प्रत्येक घराचं मिरचीचं प्रमाण त्या दुकानदाराला पाठ. गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या त्या खानावळवाल्या बायका, १९८२चा संप झाला तेव्हा कुणाचं जेवण कधी बंद झालं आणि कुणाचं का चालू राहिलं हे त्यांच्याइतकं युनियनला तरी माहीत असेल का? ही कादंबरी कुणीतरी लिहा हो, मी नाही लिहू शकत, मला नुसतं रांधता येतं.

आणि तुमचं खाद्यभ्रमंतीचं सदर. राग मानू नका. मी दर रविवारी वाचतो. दर रविवारी 'अप्रतिम', 'तोंडात विरघळतं', 'एकदा तरी भेट द्याच'. मासा कुठून आला, कुणी साफ केला, बाई किती वाजता उठते, ताटाची किंमत गेल्या वर्षी काय होती आणि आता काय, शेजारच्या टेबलावर कोण बसलं होतं, काही नाही. मोंताल्बाननं पण असं फिरून लिहिलंय, कातालोनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, लोक काय आणि का खातात यावर १९७७मध्ये अख्खं पुस्तक आहे, आणि शेवटच्या कादंबरीत तर कार्वालो आणि बिस्कुतेर दोघं जगाच्या सफरीला निघतात, खात, बघत, पळत. ती दोन खंडांची कादंबरी छापून आली २००४मध्ये, तेव्हा लेखक नव्हता. १८ ऑक्टोबर २००३ला बँकॉकच्या विमानतळावर हार्ट अटॅकनं गेला, घरी परत जायला निघालेला. आणि वीस वर्षांपूर्वी, १९८३मध्ये, यानंच बँकॉकचे पक्षी अशा नावाच्या कादंबरीत कार्वालोला तिकडे पाठवलं होतं. मी स्वतः त्या जुन्या डॉन मुआंग एअरपोर्टवर साइन ऑनला, म्हणजे बोटीवर रुजू व्हायला, जाताना किती वेळा तास तास काढलेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, कपातले नूडल्स घेऊन. खाण्यावर एवढं लिहिणारा माणूस तिथे गेला हे मला कळलं तेव्हा पहिला विचार हाच आला की शेवटचं काय खाल्लं असेल, विमानातलं ते फॉइलमधलं? बायको म्हणाली तुमचं काहीतरीच.

शेवटी एक दुरुस्ती मात्र छापाच. पान सातवर टोमॅटो पावाची कृती दिलीय, पान कोन तोमाते, त्यात टोमॅटो बारीक चिरून पावावर पसरा असं लिहिलंय. चूक. टोमॅटो आडवा कापायचा आणि अर्धुक पावावर घासायचं, जोरात, हातात नुसती साल उरेपर्यंत, साल टाकून द्यायची, मग मीठ, मग ऑलिव्ह ऑइल. चिरून पसरला तर पाव भिजून लगदा होतो. पाव आदल्या दिवशीचा घ्या, ताज्यावर घासता येत नाही. तिकडे यासाठी वेगळे टोमॅटो असतात, घोसानं दोऱ्याला बांधून टांगून ठेवतात, महिनोन महिने टिकतात. मी पण दापोलीला पडवीत आपले गावठी टोमॅटो टांगून बघितले, पाचव्या दिवशी मुंग्या. लादी पाव मात्र चालतो, जरा भाजून घ्या.

आणि तुमच्या त्या दोन्ही लेखकांना ते दक्षिणेकडच्या समुद्रांचं पुस्तक वाचायचं असेल तर माझी कॉपी मी स्पीड पोस्टानं पाठवतो, पत्ता कळवा. मुखपृष्ठावर हळदीचा डाग आहे आणि एकशे बाराव्या पानाला तेलाचा, तिकडे दुर्लक्ष करा. आधी तीनवाल्यांना द्या, मग सातवाल्यांना. कार्वालोचं बघून कुणी शेकोटी पेटवू नका, मला ते परत पाहिजे.

आपला,
एक निवृत्त भंडारी
दापोली, जि. रत्नागिरी